चेलोची शिकवणी आणि नारायणगांवची ढोलकी

आपल्या मुलांना एखादें वाद्य यावें ही इच्छा आतां पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरांपुरती राहिलेली नाहीं. जुन्नर आणि आंबेगांव या तालुक्यांत द्राक्षें, टोमॅटो आणि कांदा यांच्या पैशानें जी नवी सुस्थिति आली, तिच्या पाठोपाठ ही इच्छाहि मंचर, नारायणगांव, आळेफाटा येथपर्यंत येऊन पोहोंचली आहे. ज्या घरांत दोन पिढ्यांपूर्वीं शाळेची फी भरतांना बापाचा हात कापत असे, त्या घरांत आज मुलीच्या संगीतशिक्षणाची चर्चा चालावी, ही गोष्ट कोणाहि शिक्षकास आनंददायकच वाटेल. परंतु चांगल्या इच्छेनें चुकीची वाट धरली म्हणजे केवळ तिचें चांगलेपण तिला तारूं शकत नाहीं; आणि आमच्या मतें या इच्छेनें सध्यां धरलेली वाट चुकीची आहे.

आमच्या परिचयाचे एक सधन बागाईतदार आहेत. त्यांच्या नऊ वर्षांच्या कन्येनें पडद्यावर कोठेंतरी चेलो वाजतांना पाहिला, व तोच शिकण्याचा हट्ट धरला. पुण्यांत एखादा खासगी शिक्षक गांठावा, दर रविवारीं मोटारीनें पाऊणशें किलोमीटर जावें, तासभर शिकवणी घ्यावी आणि परतावें, असा त्यांचा बेत. आणि त्याला आमची संमति मिळेल अशी त्यांची खात्री. आम्ही विचारलें, "ती वाजविणार कोणाबरोबर?" त्यांना प्रश्नच समजला नाहीं. "बरोबर कशाला, सर? आपली आपण वाजवील." या उत्तरांत जो समज दडलेला आहे तो त्या एका गृहस्थाचा नव्हे, आमच्या सबंध सुशिक्षित वर्गाचा आहे. आमचें भांडण त्या समजाशीं आहे, चेलोशीं नाहीं. आमचा आक्षेप 'खासगी' या एका शब्दावर आहे.

प्रथम या वाद्याचीच साक्ष काढूं. चेलो हें व्हायोलिनच्या कुळांतील थोरलें भावंड. वादक खुर्चीवर बसतो, वाद्य दोन्ही गुडघ्यांच्या मध्यें उभें धरतो, खालची खुंटी जमिनीस टेकवितो आणि चार तारांवर गज ओढतो. पुरुषाच्या खर्जापासून स्त्रीच्या कंठापर्यंत त्याचा स्वर फिरतो. म्हणूनच मनुष्याच्या आवाजाच्या अगदीं जवळचें वाद्य अशी त्याची ख्याति आहे. पण इटलींत सोळाव्या शतकांत हें वाद्य घडूं लागलें तें मेळांतील खालची बाजू सांभाळण्यासाठीं. दोन व्हायोलिनें, एक व्हायोला आणि एक चेलो अशी युरोपीय वादकांची चौकडी बसते, तेव्हां इतर तिघांच्या स्वरांना जोतें असतें तें चेलोचें. ज्यावर घर उभें राहावयाचें तें जोतें बांधावें, आणि घर मात्र कधींच उठवूं नये, असा कारभार कोणी शेतकरी करणार नाहीं. एकट्यानें चेलो शिकून एकट्यानेंच वाजवीत बसणें म्हणजे कबड्डीचे डाव आरशासमोर घोटीत बसण्यासारखें आहे.

यावर एखादा जाणकार म्हणेल कीं, बाखनें 1720 च्या सुमारास एकट्या चेलोसाठीं सहा रचना केल्या, त्यांचें काय? त्या रचना ज्यानें जगापुढें आणल्या त्या पाब्लो कॅसाल्सचेंच (1876–1973) चरित्र पाहावें. बाप गांवच्या चर्चमधील ऑर्गनवादक. मुलगा लहानपणीं तेथल्याच गायकवृंदांत गात असे. चेलो हातीं आल्यावर थोड्याच काळांत तो बार्सिलोनाच्या एका उपाहारगृहांत तिघांच्या मेळांत वाजवून चार पैसे मिळवूं लागला. त्या सहा रचना एका जुन्या दुकानांत त्याच्या हातीं लागल्या तेव्हां तो तेरा वर्षांचा होता, आणि लोकांसमोर त्या वाजविण्यापूर्वीं त्यानें कित्येक वर्षें त्यांचा अभ्यास केला. एकट्यानें वाजविण्याची योग्यता त्याला आली ती दहाजणांत वाजवून आली. पुढें कीर्तीच्या शिखरावर असतांना त्यानें बार्सिलोनाच्या कामगारांसाठीं संगीतसभांची संस्था काढली, ही गोष्टहि आमच्या पालकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

बार्सिलोना दूर राहिली. हीं गजाचीं वाद्यें मुंबईच्या चित्रपटांत शिरलीं तीं मुख्यतः गोव्याच्या वाटेनें. पोर्तुगीज अमलाखालीं तेथें गांवोगांव चर्चला जोडून शाळा असत, आणि त्यांत गांवच्या मुलांना स्वरलिपि वाचणें, एकत्र गाणें व व्हायोलिनसारखीं वाद्यें वाजविणें शिकवीत. त्या शाळांचा हेतु उपासनेचा होता, आणि त्या राजवटीनें तेथील लोकांच्या धर्मावर व भाषेवर केलेला जुलूम आम्ही विसरलेलों नाहीं. परंतु संगीत ही साऱ्या गांवानें मिळून शिकण्याची गोष्ट आहे, एवढें त्या शाळांनीं पक्कें ओळखलें होतें. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (1927–2012) हे अशाच वातावरणांत वाढले. त्यांचे वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. मुंबईस त्यांच्या हाताखालीं जे व्हायोलिन शिकले त्यांत लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडींतले प्यारेलाल शर्मा होते. आज आमचा बागाईतदार ट्रॅक्टर हांकतांना जुन्या चित्रपटांतलीं गाणीं ऐकतो, आणि त्यांत व्हायोलिन-चेलोंचा जथा एकदम उचल खातो तेव्हां त्याचें मन भरून येतें. तो जथा घडला तो या गांवांतून. रविवारच्या एकाकी तासांतून असा जथा कधीं घडलेला नाहीं, आणि घडणार नाहीं.

आमच्या स्वतःच्या संगीताचा अर्वाचीन इतिहास तरी दुसरें काय सांगतो? शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं एखादी चीज मिळविण्यासाठीं शिष्यानें गुरूच्या घरीं वर्षानुवर्षें पाणी भरावें, आणि गुरूनें ती अखेरपर्यंत मुठींत झांकून ठेवावी, असे प्रकार सर्रास चालत. हा कोंडवाडा फोडण्याचें काम ज्यांनीं केलें त्यांत पुणें जिल्ह्याचा वांटा मोठा आहे. 1874 मध्यें पुण्यांत गायन समाज स्थापन झाला. 1901 च्या मे महिन्यांत विष्णु दिगंबर पलुसकरांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें. 1911 मध्यें भास्करबुवा बखल्यांनीं पुण्यांत भारत गायन समाजाचा पाया घातला. 1932 मध्यें विनायकराव पटवर्धनांनीं तेथें गांधर्व महाविद्यालय सुरू केलें. या मंडळींच्या मतांत व गायकींत अंतर होतें. पण विद्या ही कोणाची खासगी मालमत्ता नव्हे, या एका गोष्टीवर त्या सर्वांची कृति एकच साक्ष देते. जें कुलूप त्यांनीं पुण्यांत फोडलें, तें आम्ही त्याच पुण्याहून विकत आणून आपल्या मुलांच्या खोल्यांना लावीत आहों. फरक इतकाच कीं, पूर्वीं किल्ली सेवेनें मिळे. आतां ती फीनें मिळते.

ही शिकवणी बहुधा कशासाठीं लावली जाते, हेंहि स्पष्ट बोललें पाहिजे. गेल्या कांहीं वर्षांपासून महाराष्ट्रांत शालान्त परीक्षेच्या वेळीं शास्त्रीय कलांच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांस वाढीव गुण मिळतात. चित्रकला व लोककला यांनाहि ती सवलत आहे. योजनेचा हेतु चांगला. पण आमच्या मध्यमवर्गाची गुणपत्रिकेवरील भक्ति एवढी जाज्वल्य आहे कीं, तिच्या आंचेनें कोणताहि चांगला हेतु करपून जातो. तबला, पेटी, 'की-बोर्ड' यांच्या शिकवण्या लागतात; परीक्षेंत विचारले जाणारे राग घोटून घेतले जातात; आणि दहावीचा निकाल लागला कीं वाद्य गवसणींत जाऊन माळ्यावर चढतें. ज्या मुलानें पांच वर्षें तबला शिकून एकदांहि कोणा गाणाऱ्याची साथ केली नाहीं, तो तबला शिकला असें आम्ही कसें म्हणावें? त्यानें तबल्याची परीक्षा दिली, एवढेंच खरें.

आतां नारायणगांवाकडे वळूं. दरवर्षीं गुढीपाडव्याच्या सुमारास तेथें तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात, आणि गांवोगांवचे पुढारी जत्रेची सुपारी देण्यासाठीं तेथें गर्दी करतात. तमाशाची पंढरी म्हणून ज्या गांवाची ख्याति सबंध महाराष्ट्रांत आहे, त्या गांवच्या माणसानें मुलाला संगीत शिकविण्यासाठीं कोठें जावें हा प्रश्न करावा, यांतच आमच्या शिक्षणाची सारी विपरीतता दिसून येते. विठाबाई नारायणगांवकर (1935–2002) या बापाच्या व चुलत्याच्या, भाऊ-बापूंच्या, फडांत वाढल्या. 1957 मध्यें आणि पुन्हां 1990 मध्यें राष्ट्रपतींच्या हस्तें त्यांचा गौरव झाला. 2006 पासून महाराष्ट्र सरकार त्यांच्या नांवानें जीवनगौरव पुरस्कार देतें. ही विद्या त्यांना रविवारच्या तासांतून मिळाली नव्हती. फडांतलें मूल ढोलकीवाल्याच्या गुडघ्याशीं बसून वाढतें. उजव्या पुडीचा चढा बोल आणि डाव्या पुडीचा घुमारा त्याच्या कानांत अक्षरओळखीच्या आधीं उतरतो. झांज कोठें पडते, तुणतुण्याचा सूर कोणी धरावयाचा, सुरत्यांनीं ओळ कोठें झेलावयाची, गौळण संपून बतावणी सुरू होतांना ठेका कसा मोडावयाचा, हें त्याला कोणी निराळें शिकवीत नाहीं. दहाजणांच्या मध्यें आपली जागा कोणती, हेंच तें प्रथम शिकतें. आणि हें ज्याला कळलें त्याला संगीताचें अर्धें मर्म कळलें.

आम्ही त्या बागाईतदार मित्रांना विचारलें, "मुलीला ढोलकी शिकवावी असें कां नाहीं मनांत आलें?" ते हंसले; आम्ही विनोद केला अशीच त्यांची समजूत झाली. हेच गृहस्थ जत्रेच्या कमिटीवर आहेत, आणि सुपारी देण्यासाठीं दरवर्षीं राहुटींत जाऊन मांडी घालून बसतात. तेथला चहा त्यांना चालतो, तेथली कला गांवाला मिरविण्यासाठीं चालते. तेथली विद्या मात्र घरांत चालत नाहीं. ज्या वाद्याचें नांव काल कानीं पडलें त्याच्यापुढें विनय, आणि ज्या वाद्यावर आपल्या आज्यानें मान डोलाविली त्याच्याविषयीं संकोच, या वृत्तीला संगीताची आवडनिवड म्हणतां येणार नाहीं. ढोलकी ज्या हातांत आहे त्या हातांची जात आम्हांला ठाऊक आहे. चेलो धरणाऱ्या हातांची नाहीं. सारें रहस्य एवढेंच आहे, आणि तें उघड बोलण्याची कोणाची तयारी नाहीं.

अशा संकोचानें वाद्यें मरतात. गजाच्याच वाद्यांत आमची सारंगी पाहा. एकसंध लांकडांतून कोरलेली, नखांच्या कडेनें वाजणारी, गळ्याची प्रत्येक मींड जशीच्या तशी उचलणारी. तिची संगत कोठीवरील गायिकांशीं जडली म्हणून प्रतिष्ठित घरांनीं तिला दार लावलें, आणि जिच्यांतून मींड निघत नाहीं ती पेटी दिवाणखान्यांत आणून बसविली. पेटी शिकावयास सोपी होती हेंहि खरें. पण कुलीनतेची हौस हें तितकेंच मोठें कारण होतें. त्याच घरांतील नातवंडें आज गजाच्या वाद्याची शिकवणी शोधीत पुण्यास जातात, यांत काळानें घेतलेला सूड आहे.

कोणी असें समजूं नये कीं, फडांतील जीवन आम्ही सोन्याचें मानतों. तेथील मुलांची शाळा बुडते, सावकाराचें देणें मानगुटीस बसलेलें असतें, बायकांना सोसावें लागणारें अपमान तर सांगण्यापलीकडचे असतात. खुद्द विठाबाईंचे अखेरचे दिवस हलाखींत गेले. त्या जीवनाचा गौरव करून मोकळें होणें हीहि एक प्रकारची लबाडीच होय. आमचें म्हणणें एवढेंच कीं, तेथें एक विद्या आहे, ती शिकविण्याची एक पद्धति आहे, आणि विद्या घेऊन तिचें मोल देणें हा गौरवाचा खरा मार्ग आहे.

आतां प्रतिपक्षाचे दोन आक्षेप. पहिला असा कीं, गज कसा धरावा, मनगट कोठें सैल सोडावें, डाव्या हाताचें बोट तारेवर नेमकें कोठें पडावें, हें एकेका मुलाकडे लक्ष दिल्यावांचून शिकवितां येत नाहीं. हें आम्हांला पूर्ण मान्य आहे. चेलोच्या पट्टीवर सतारीसारखे पडदे नसतात. स्वराची जागा कानानें शोधावी लागते, आणि त्यासाठीं शेजारीं बसणारा गुरु हवाच. पण एकेकट्यास दिलेला तास ही शिक्षणाची एक पायरी आहे; आम्ही तिलाच सबंध जिना समजून बसलों आहों. व्हेनेझुएलांत 1975 पासून होसे अंतोनियो आब्रेऊ यांनीं गरीब मुलांसाठीं जी वाद्यवृंदांची चळवळ चालविली, तींत मूल प्रारंभापासूनच मेळांत बसे. त्या चळवळीचा राज्यकर्त्यांनीं पुढें आपल्या डंक्यासाठीं उपयोग केला हा दोष खरा. पद्धतीचें मर्म त्यानें खोटें ठरत नाहीं. गोव्यांत 2009 पासून चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन ही संस्था साधनहीन मुलांना व्हायोलिन व चेलो शिकवीत आहे, आणि तींहि मुलें एकत्र वाजवितात.

दुसरा आक्षेप असा कीं, मुलें तमाशाच्या ढोलकींत अडकून पडलीं तर जगाला मुकतील. हा तर निव्वळ गैरसमज होय. ज्या मुलाचा कान ठेक्यांत पक्का झाला त्याला जगांतलें कोणतेंहि वाद्य परकें राहत नाहीं. हॉलंडांत जन्मलेल्या सास्किया राव-द हास यांनीं चेलोवर आपलें रागसंगीत आणलें, आणि जमिनीवर बसून वाजवितां येईल, तरफांच्या तारा झणत्कारतील, असा नवा चेलो घडवून घेतला. त्या इकडे येऊं शकल्या कारण त्यांच्यापाशीं त्यांचें स्वतःचें कांहीं होतें. रिकाम्या हातानें गेलेल्याला जग देवघेव करूं देत नाहीं. फक्त गिऱ्हाईक करून घेतें.

मग करावें काय? शिक्षणहक्काच्या 2009 च्या कायद्याची अनुसूची प्रत्येक पालकानें वाचावी. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुलें असतील त्या शाळेस कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण, आणि कार्यशिक्षण यांसाठीं अंशकालीन निदेशक असावेत, असें त्यांत स्वच्छ शब्दांत लिहिलें आहे. आपल्या गांवच्या शाळेंत कलेचा असा निदेशक आहे कीं नाहीं, हें ज्यानें त्यानें सोमवारीं सकाळीं जाऊन विचारावें. नसेल तर तो मागावा. आणि मागतांना हेंहि पाहावें कीं, फड बाहेर पडतात ते दसऱ्यास, आणि परततात ते वैशाखाच्या सुमारास. पावसाळाभर त्यांच्या मोटारी उभ्या असतात आणि कलावंत उसनवारीवर दिवस काढतात. शाळा उघडते ती जूनमध्यें. जेव्हां शाळेला शिक्षक हवा असतो, नेमका तेव्हांच शिक्षक घरीं बसलेला असतो. ही सोयरीक कोणीच कशी जुळवीत नाहीं? त्याच्यापाशीं पदवी नाहीं, असें अधिकारी म्हणतील. पदव्या देण्याच्या धंद्यांत आमचें आयुष्य गेलें आहे. तेव्हां आम्ही अधिकारानें सांगतों कीं, ढोलकीची परीक्षा ढोलकीवरच घ्यावी.

चेलोचीहि व्यवस्था यांतच आहे. नऊ वर्षांच्या मुलीस पूर्ण मापाचा चेलो पेलत नाहीं. मुलांसाठीं पाव, अर्धा, पाऊण अशीं लहान मापें असतात, आणि मूल वाढेल तसें तें मागें टाकून पुढचें घ्यावें लागतें. म्हणजे एका घरानें एका मुलासाठीं तीन-चार वाद्यें घ्यावयाचीं, आणि प्रत्येक दोन-तीन वर्षांनीं अडगळींत टाकावयाचीं. शिवाय हीं वाद्यें सरसानें जोडलेलीं. आमच्या घाटमाथ्याच्या दमट हवेंत त्यांचे सांधे सुटण्याची भीति. या वाद्याचा स्वभावच असा आहे कीं, तें एकाच्या मालकीचें असण्यापेक्षां दहांच्या वापरांतलें असावें. मंचरच्या किंवा नारायणगांवच्या एखाद्या शाळेंत कोरडी, बंद खोली असावी. तींत लहान-मोठ्या मापांचीं कांहीं वाद्यें असावींत. एका मुलाचें सुटलेलें माप दुसऱ्याच्या हातीं जावें. आणि पुण्याच्या शिक्षकानेंच पंधरवड्यानें इकडे यावें. रविवारच्या मोटारीवर खर्च होणारा पैसा चार-पांच घरांनीं एकत्र केला तर याचा आरंभ होण्यास सरकारची वाट पाहावी लागणार नाहीं. ज्या खोलींत चेलो असेल तिच्यांत ढोलकीहि असावी, आणि वर्षांतून एकदां तरी दोहोंनीं मिळून लोकांसमोर वाजवावें. डिंभे धरणाच्या मागल्या वाड्यांतील आदिवासी मुलाकडे मोटार नाहीं. पण आश्रमशाळेच्या सुटींत तो या खोलीपर्यंत येऊं शकेल. खासगी शिकवणीचें दार त्याला कधींच दिसणार नाहीं, आणि आमच्या आक्षेपाचें खरें मूळ तेथें आहे.

जुन्नर तालुक्यांतच, खोडदच्या माळावर, रेडिओ-दुर्बिणीच्या तीस थाळ्या उभ्या आहेत. प्रत्येकीचा व्यास पंचेचाळीस मीटर. त्या एका जागीं नाहींत; पंचवीस किलोमीटरच्या टापूंत विखुरलेल्या आहेत. एकटी थाळी आकाश ऐकते तें ढोबळ. तीसजणींनीं ऐकलेलें एकत्र आणून मेळ घातला म्हणजे दूरच्या आकाशगंगांचें सूक्ष्म चित्र उमटतें. जगांतले शास्त्रज्ञ ज्यासाठीं आमच्या माळावर येतात तो धडा आम्ही माळाशेजारीं राहून शिकूं नये, हें बरें नव्हे. बागाईतदार मित्रांच्या कन्येनें चेलो अवश्य शिकावा. पण त्यांनीं आधीं तिला तीन सोबती शोधून द्यावे, आणि त्यांतला एक राहुटींतला असावा.